ती तिथे काय सांगत असेल?

पत्राचा गोषवारा: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलं आहे. नवऱ्याचं खता-औषधांचं दुकान, त्या स्वतः घर सांभाळून दुकानाचा हिशेब बघतात. मुलगी 19 वर्षांची, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मैत्रिणींबरोबर फ्लॅटवर राहते. मुलगा दहावीत. मुलीचं खातं गावच्या शाखेत, पासबुक घरी. गेल्या महिन्यात पासबुक भरून आणलं, तर दर गुरुवारी एकाच नावावर 800 रुपये गेलेले दिसले. ते नाव मोबाईलवर शोधलं, तर ती एक समुपदेशक निघाली. मुलीला त्यांनी काही विचारलेलं नाही, नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. फक्त बहिणीजवळ बोलल्या. बहीण म्हणाली, 'आधी घरी आण तिला. त्या लोकांच्या नादाला लागलेली पोरं आई-बापावरच उलटतात.' आता त्यांना झोप नाही. 'फी, लॅपटॉप, खाणं-पिणं, काही कमी केलं नाही. मग परक्या बाईला सांगते ते मला का नाही सांगितलं? आमच्या घराबद्दल ती तिथे काय सांगत असेल? ती दहावीत असताना सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, घरात रोज कटकट व्हायची, ते तर नाही? गोळ्या सुरू केल्या तर? उद्या लग्नाच्या वेळी कळलं तर? त्या बाईंचा नंबर मी वहीत लिहून ठेवलाय. फोन करून विचारू का? आणि हे आयुष्यभर चालणार का?'

ताई,

दिवाळी तोंडावर आली आहे, मुलगी चार-आठ दिवसांत घरी येईल, म्हणून थेट प्रश्नाचं उत्तर आधी देते. त्या बाईंना फोन करू नका.

केलात तरी त्या काही सांगणार नाहीत. तुमची मुलगी सज्ञान आहे. ती आपल्याकडे येते की नाही, एवढंसुद्धा तिच्या परवानगीशिवाय बोलायचं नाही, हा त्यांच्या कामातला पहिला नियम. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही उपचार घेणाऱ्या माणसाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. 'मी तिची आई आहे' एवढ्याने तो सैल होत नाही. समजा त्यांनी सांगितलंच, 'हो, येते, असं असं म्हणत होती', तर मग मात्र खरी काळजी करा. जी बाई एका फोनवर तुम्हाला सांगते ती उद्या आणखी कोणाला सांगेल याचा नेम नाही. शिवाय सरळ वागणारी समुपदेशक असा फोन आला होता हे तुमच्या मुलीपासून लपवणार नाही. येत्या गुरुवारी तो विषय निघेल. त्यानंतर मुलीचं खातं दुसऱ्या बँकेत असेल आणि तुमच्याशी फोनवर 'जेवले, झोपते' एवढंच.

आता तुमच्या पत्राकडे वळते. मोठं आहे, मनापासून लिहिलेलं आहे, आणि वाचताना एक गोष्ट खटकली ती सांगितलीच पाहिजे. 'ती काय सांगत असेल' हा प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा येतो. 'ती कशी आहे' हा मला फारसा कुठे सापडला नाही. यात तुम्हाला दोष देत नाही. पासबुकात असं काही अचानक दिसलं की कोणत्याही आईची पहिली भीती हीच असते, की आपल्या घराची झडती चालू आहे आणि आपण तिथे हजर नाही. पण या भीतीतच राहिलात तर दिवाळीचे चार दिवस तुम्ही मुलीकडे बघणार ते ती आपल्याबद्दल काय बोलली असेल याचा अंदाज घेत. मुलांना असलं बघणं लगेच कळतं.

'मला का नाही सांगितलं' याचं उत्तर तुम्ही 'आमच्यावर विश्वास नाही' असं गृहीत धरलंय. जरा वेगळ्या बाजूने बघा. गेल्या वर्षभरात तिने कधी काही सांगू पाहिलं असेल, 'आई, मला इथे नाही गं करमत', 'मॅथ्स जमत नाहीये', तेव्हा काय झालं असेल? बहुतेक घरांत जे होतं तेच. आई म्हणते, 'होईल गं सगळं नीट, अभ्यासात लक्ष घाल.' मग रात्रभर आई जागी. सकाळी आईचं डोकं दुखतंय. संध्याकाळपर्यंत बाबांना कळलेलं, मावशीला कळलेलं, आणि रात्री फोन, 'काय झालं, कोणी काही बोललं का, घरी येतेस का?' आपण एक वाक्य बोललो आणि घरभर तेच झालं, हे मुलीने एकदा पाहिलं की पुढच्या वेळी ती विचार करते. आईला सांगायचं म्हणजे नंतर आईलाच सावरायचं. ज्या मुलीने दहावीच्या वर्षात अंथरुणाला खिळलेली आजी आणि त्यात पिचलेली आई पाहिली आहे, ती तर हा विचार नक्कीच करणार. तुमच्यावर माया आहे म्हणूनसुद्धा सांगितलं नसेल.

परक्या बाईकडे एक मोठी सोय असते, ती म्हणजे तिचं काहीच पणाला लागलेलं नसतं. मुलीचं वर्ष गेलं, केटी लागली, कोणाशी जमलं किंवा फाटलं, ब्रँच बदलावीशी वाटली, तरी त्या बाईंच्या घरात काही हलत नाही. म्हणून त्या शांतपणे ऐकू शकतात. तुम्ही नाही ऐकू शकत, आणि ऐकू शकावं अशी अपेक्षाही कोणी करू नये.

दुसरं गृहीतक, काहीतरी भयंकर घडलं असणार. घडलं असेलही. पण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला बोलायला माणूस हवं असायला भयंकर काही घडावं लागत नाही. तालुक्याच्या कॉलेजात पहिली-दुसरी येणारी मुलगी पुण्यात साठ-सत्तर जणांत मधेच कुठेतरी असते. पहिल्या वर्षाच्या निकालात आयुष्यातला पहिला नापासाचा विषय दिसतो. रूममेटशी पटत नाही, झोपेचं वेळापत्रक पार बिघडलेलं असतं. आवडणारा मुलगा असतो किंवा नसतो, आणि दोन्हीचा त्रास होतो. आजी गेल्याचं दुःखसुद्धा कधीकधी तीन वर्षांनी वर येतं. यातलं काय आहे ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि अंदाज बांधत बसू नका. बांधलेला अंदाज तोंडातून कधीतरी निसटतो.

हा त्रास याच वयात सुरू होतो, हे मात्र सर्वांना माहीत असलेलं बरं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की निम्मे मानसिक आजार वयाच्या 14 व्या वर्षापर्यंत डोकं वर काढतात. बंगळुरूच्या 'निम्हान्स' या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने 2015-16 साली जी राष्ट्रीय पाहणी केली, तिच्यात 13 ते 17 वयोगटातल्या साधारण 7.3 टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचं दिसलं. आणि त्याच पाहणीप्रमाणे आजारानुसार 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. तुमची मुलगी आजारी आहे असं मी म्हणत नाही. समुपदेशनाला जाणारे सगळे आजारी नसतात. माझा मुद्दा वेगळाच आहे. तिला काही तरी बोचतंय हे तिचं तिला कळलं, तिने माणूस शोधलं, मेसच्या आणि खर्चाच्या पैशांतून आठवड्याला 800 रुपये बाजूला काढले आणि दर गुरुवारी वेळेवर गेली. आपल्याकडे चाळिशीतल्या माणसांना हे जमत नाही. तुमच्या बहिणीला 'मुलगी बिघडली' असं जिथे दिसतंय, तिथे मला एक बरीच जबाबदार मुलगी दिसते आहे.

तिथे नक्की काय होतं, हेही सांगते, कारण बऱ्याच पालकांच्या डोळ्यांसमोर मालिकेतला सोफा आणि रडणारी मुलगी असते. एक बैठक साधारण 45 मिनिटं ते तासाभराची. पहिल्या एक-दोन वेळा झोप, भूक, अभ्यास, घर, आधीचे आजार अशी माहिती विचारतात, आणि काय बदलायला हवं ते दोघी मिळून ठरवतात. पुढचं काम बरंच व्यवहारी असतं. उदाहरणार्थ, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास एक पद्धत मांडली. आपल्याकडे ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते, आणि महाराष्ट्रात ती रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा. तिच्यात असं बघतात की त्रास निव्वळ घटनेने होत नाही, त्या घटनेवर आपण मनात जी सक्ती लादतो तिने जास्त होतो. 'मला पास व्हायचंय' इथपर्यंत ठीक. 'मला सगळ्या विषयांत पास व्हायलाच पाहिजे, नाही झाले तर मी कोणाच्या कामाची नाही' इथे गाडं अडतं. मग आठवडाभर एक वही ठेवायची, हा विचार कधी आला, त्यावर मी काय केलं, तो कितपत खरा आहे हे लिहायचं, आणि पुढच्या वेळी त्यावर बोलायचं. घरचा अभ्यास असतो तो. समुपदेशक 'असं कर, तसं कर' असे हुकूम सहसा देत नाही, आणि आई-बाप वाईट आहेत असा निकाल तर मुळीच देत नाही.

आता तुमच्या बहिणीचं म्हणणं. ते पूर्ण खोटं नाही, म्हणून त्याला बगल देत नाही. समुपदेशन सुरू झाल्यावर काही मुलं काही काळ जास्त बोलू लागतात. आधी 'बरं' म्हणून गप्प बसणारी मुलगी 'मला हे नाही आवडत' म्हणते. पाहुण्यांसमोर मार्क विचारले तर उठून आत जाते. घरच्यांना हे उलटणं वाटतं. मला विचाराल तर 19 व्या वर्षी घरात 'नाही' म्हणता येणं ही चांगली सुरुवात आहे, कारण ज्या मुलीला आई-बापासमोर 'नाही' म्हणता येत नाही तिला ते नवऱ्यासमोर, साहेबासमोर आणि गैरफायदा घेणाऱ्या मित्रासमोरही म्हणता येत नाही. पण सुरुवातीला ते कडू लागतं, आणि तुम्हालाच गिळावं लागणार आहे.

दहावीच्या त्या वर्षाबद्दल. ती ते तिथे सांगत असेल का? असेलही. सासूबाईंचं करता करता तुम्ही किती थकला होता, हे तिला तेव्हा कळलं नसेल. तिला ऐकू आले ते आवाज. तुमच्या पत्रात तो काळ कोणी न विचारता आला, म्हणजे तो तुमच्याही मनातून गेलेला नाही. पुढेमागे तिने तुमच्यासमोर तो विषय काढला, तर तपशिलावर वाद घालू नका. 'एवढं काही नव्हतं गं', 'तुला काय माहीत आमच्यावर काय वेळ होती', ही दोन वाक्यं आली की दार बंद. 'तुला तेव्हा कसं वाटायचं?' एवढंच विचारा आणि ऐकून घ्या. आपली बाजू महिन्याभराने मांडली तरी चालते.

गोळ्यांचं थोडक्यात सांगते. समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ गोळ्या लिहून देत नाही. तो अधिकार मानसोपचारतज्ज्ञाचा, म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयाचं पुढचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचा. गरज वाटली तर समुपदेशक त्यांच्याकडे पाठवते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे किंवा थोडे जास्त लागतात. त्यांची झोपेच्या काही गोळ्यांसारखी चटक लागत नाही, पण त्या मनाने अचानक बंद करायच्या नसतात. तशी वेळ आलीच तर 'सोड त्या गोळ्या' असं घरातून कोणी म्हणू नये, इतकी तजवीज करा.

आणि लग्न. ताई, मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. गुरुवारी ती कुठे जाते हे तुमच्या गावात कळायला एकच वाट आहे, ती म्हणजे तुमच्या बहिणीचं तोंड. तिला आजच सांगा की ही गोष्ट तुझ्या-माझ्यात राहील, जिजाजींनासुद्धा नको. गोड बोलून जमलं नाही तर कडक बोला.

मग दिवाळीत काय करायचं? एक वाट अशी, की काहीच बोलायचं नाही, माहीत नसल्यासारखं वागायचं. बऱ्याच आया हेच करतील. पण तुम्हाला ते जमेल असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही. शिवाय पासबुक घरीच राहिलं तर दर महिन्याला ते भरायला जायचा मोह होणार, आणि ती पाळत झाली. दुसरी वाट बहिणीची, तिला घरी आणून बसवायचं. त्याने तिची समुपदेशक जाईल आणि शिक्षणही जाईल, ज्या त्रासासाठी ती गेली होती तो मात्र तिच्याबरोबर घरी येईल. तिसरी वाट सांगून टाकायची. मी या तिसऱ्या बाजूची आहे, पण कसं सांगता यावर सगळं आहे.

फोनवर नको, फराळ करताना सगळ्यांसमोर नको, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नको. पाडवा-भाऊबीज होऊन जाऊ दे, दोघीच असाल अशी वेळ बघा. ती निघायच्या आदल्या रात्री मात्र नको, कारण मग ती ते ओझं घेऊन बसमध्ये बसेल. बोलणं छोटं ठेवा. असं काहीसं: 'तुझं पासबुक भरायला गेले होते, त्यात ते नाव दिसलं. मी मोबाईलवर शोधलं. तुला न विचारता शोधायला नको होतं. तू जातेस ते चांगलं आहे. मी काही विचारणार नाही. पैसे कमी पडत असतील तर सांग, आणि हे पासबुक आता तुझ्याकडेच ठेव.' एवढं बोलून उठा, चहा टाका. रडू नका, निदान तिच्यासमोर. आणि 'आमचं कुठे चुकलं?' हे चुकूनही विचारू नका. ऐकायला तो प्रश्न वाटतो, पण ती तुमची समजूत काढत बसेल, आणि तेच टाळायला ती बाहेर गेली आहे.

ती चिडेल. 'माझ्या खात्यात कशाला बघतेस?' म्हणेल. बरोबर आहे तिचं, 'हो, चुकलं माझं' म्हणा. किंवा नुसतं 'बरं' म्हणून मोबाईलमध्ये डोकं घालेल. ते तर जास्त शक्य आहे. 'बरं' हे चांगलं उत्तर समजा. काही मुली दोन महिन्यांनी भलत्याच वेळी, भांडी घासताना वगैरे, आपणहून बोलतात. काही बोलतच नाहीत, आणि तरीही बऱ्या होतात.

नवऱ्याला सांगण्याचा निर्णय तिच्यावर सोडा. 'बाबांना मी सांगू, तू सांगतेस, की सध्या नको?' असं विचारा. नवऱ्यापासून गोष्ट लपवणं तुम्हाला जड जाईल हे मला कळतं. पण ते रागीट आहेत आणि ऐकलं की पहिला फोन मुलीलाच लावतील असं तुम्हीच लिहिलंय. मग थोडं थांबलेलं बरं.

एका बाबतीत मात्र हे सगळं बाजूला ठेवायचं. मुलगी 'मी नसते तर बरं झालं असतं' अशा अर्थाचं काही बोलू लागली, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागली, दिवसच्या दिवस जेवली-झोपली नाही, अंगावर स्वतः करून घेतलेल्या जखमा दिसल्या, तर गुपित, मोकळीक, काही बघू नका. सरळ विचारा, 'तुला जीव द्यावासा वाटतो का?' असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट विचारल्यावर बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तेव्हा त्या समुपदेशकबाईंनाही फोन करायला हरकत नाही. त्या बाकी काही सांगणार नाहीत, पण तुमचं ऐकून घेतील, आणि जिवाला धोका असेल तेव्हा गोपनीयतेचा नियम त्यांनाही बाजूला ठेवता येतो. तुमचं दुकान खता-औषधांचं आहे, म्हणून हे आताच सांगते, मुलीची शंका असो वा नसो: कीटकनाशकांचे डबे राहत्या घरात ठेवू नका, दुकानात कुलपात ठेवा, किल्ली एकाच माणसाकडे. अशी वेळ बऱ्याचदा थोडा काळच टिकते. त्या काळात हाताशी काही नसलं तर जीव वाचतो. आणि कोणाच्या घरी तसा प्रकार घडलाच, तर पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. 2017 च्या त्याच कायद्याचं 115 वं कलम सांगतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही.

हे वाचणाऱ्या काही जणांची मुलं अठराच्या आतली असतील. तिथे थोडा फरक पडतो. पालकांची संमती लागते, पहिल्या भेटीत पालकांशी बोलणंही होतं. पण खोलीत मूल काय म्हणालं हे शब्दशः कळणार नाही, ते समजूनच जा. काय सांगितलं जाईल आणि काय नाही, हे मुलासमोरच ठरवून घ्या. जिवाला धोका असेल तर ते पालकांना सांगितलं जातं. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे त्याची खबर देणं बंधनकारक आहे. मुलाला गाडी गॅरेजला टाकल्यासारखं आणून सोडू नका, 'तासाभराने येतो, नीट करून ठेवा' अशा थाटात. आणि परत जाताना रिक्षात 'काय विचारलं? तू काय सांगितलंस?' हे नको. भूक लागली का विचारा.

समुपदेशक चांगली आहे की नाही हे बघण्याचा पालकांना हक्क आहे, पैसे देणारे तुम्हीच असता. आपल्याकडे 'काउन्सेलर' अशी पाटी कोणीही लावू शकतं, ही खरी अडचण आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारता येतो. समुपदेशनाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांकडे तो नसेल, पण म्हणून ते वाईट नसतात. कुठे शिकलात, किती वर्षं या वयाच्या मुलांबरोबर काम करताय, अडलं तर कोणाचा सल्ला घेता, हे विचारा. सरळ माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. 'पाच बैठकांत शंभर टक्के बरं करतो' म्हणणारा, दुसऱ्यांच्या केसेस नावानिशी सांगणारा, मोठं पॅकेज आगाऊ भरायला लावणारा, खडे-यंत्रं विकणारा, मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊ नका म्हणणारा, अंगाला हात लावणारा, यांच्या दारातून परत फिरा. तुमच्या मुलीला मात्र ही यादी आत्ता देऊ नका. तिला ती तपासणी वाटेल. तिने विचारलं तर द्या.

ज्यांना 800 रुपये परवडत नाहीत, आणि असे बरेच आहेत, त्यांनी 14416 लक्षात ठेवा. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा असते. 10 ते 19 वयाच्या मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' नावाची क्लिनिकं आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाहेरून येऊन तपासून, औषध घेऊन घरी जाता येतं. तिथे गेलं म्हणजे दाखल करून घेतात असं नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली सुरू केलेली, मानसिक आरोग्यावर काम करणारी आयपीएच ही संस्था आहे. कॉलेजातही चौकशी करा. 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने प्रशिक्षित समुपदेशक नेमला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलं आहे. नेमला नसेल तर प्राचार्यांना विचारायला तोंड आहे. आणि 14416 वर फक्त मुलांनीच बोलायचं असं नाही. झोप लागत नाही असं तुम्ही लिहिलंय, तुम्हीही बोलू शकता.

'आयुष्यभर चालणार का?' हा तुमचा शेवटचा प्रश्न. बहुधा नाही. चिंता किंवा नैराश्य यांवर ठरावीक पद्धतीने काम असेल तर सहसा 12 ते 20 बैठकांत ते आटोपतं. जुनी, खोलवरची गोष्ट असेल तर जास्त. मध्ये परीक्षा येतात, खंड पडतो, सहा महिन्यांनी पुन्हा चार वेळा जावंसं वाटतं, हेही होतं. तिने मधेच सोडलं असं कळलं तर 'झालीस ना बरी!' म्हणून पेढे वाटू नका आणि 'का सोडलंस?' म्हणून खोदूही नका. कदाचित काम झालं असेल, कदाचित त्या बाईंशी सूर जुळला नसेल. तसं असेल तर दुसरीकडे जाण्यात काही वावगं नाही. कदाचित मेसचे पैसे वाढले असतील. विचारायचंच असेल तर तेवढं शेवटचं विचारा, आणि हो म्हणाली तर महिन्याला 3,200 रुपये वेगळे पाठवा, कशासाठी ते मेसेजमध्ये न लिहिता.